सही माझीच आहे

कवठे महांकाळच्या बँकेत भरतेश चौगुले साहेबांनी संगणकाचा पडदा अर्धवट राजेश्वरीकडे वळवला आणि पेनाच्या टोकानं त्यावरचा एक आकडा दाखवला. सहाशे अठरा.

"एवढ्यावर तुमचा कर्जाचा प्रस्ताव वर पाठवला तर तिथनंच परत येणार, ताई. सिबिलचा आकडा सातशेच्या आसपास तरी पाहिजे."

राजेश्वरी चौदा वर्षं लोकांचे आकडे वाचत आली होती. हिमोग्लोबिन किती, साखर किती, पेशी किती. एका डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये तिनं निम्म्या तालुक्याचं रक्त काढलं असेल. आकडा कमी आला की माणसाचं तोंड कसं उतरतं, ते तिला चांगलं माहीत होतं. आज ते तोंड तिचं होतं.

"पण साहेब, मी कुणाचं काय बुडवलंय?"

"हे बघा. सहा वर्षांपूर्वीचं पर्सनल लोन आहे एका फायनान्स कंपनीचं. तुम्ही आणि शिवतेज आकाराम खराडे, दोघांच्या नावावर."

"शिवतेज माझा भाऊ. मिलिटरीत हाय. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला काढलं होतं. पण ते फिटलं की कवाच! खात्यातनं परस्पर कापून जायचं."

"शेवटचे तीन हप्ते गेलेले नाहीत."

तेव्हा तिला आठवलं. तिचं जुनं खातं ज्या बँकेत होतं ती दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली होती. खात्याचा नंबर बदलला, पासबुक बदललं. नेमक्या त्याच सुमारास तिनं मोबाईलचं कार्डही बदललं. हप्ते तिथंच अडकले आणि मागणारा फोन कधी तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

"फार मोठं काही नाही," चौगुले साहेब म्हणाले. "त्या कंपनीत जा. दंडासकट किती होतात ते भरा, येणं नसल्याचं पत्र घ्या. नोंद बदलली की आपण परत बघू. तीन-चार महिने लागतील."

राजेश्वरीच्या कानात एवढंच राहिलं: तीन-चार महिने.

एसटी स्टँडसमोर एक गाळा रिकामा झाला होता. तिथं तिला स्वतःचं रक्त तपासणीचं कलेक्शन सेंटर काढायचं होतं. सांगलीच्या एका लॅबशी बोलणं झालं होतं. सकाळी नमुने घ्यायचे, दुपारी त्यांची गाडी येणार, संध्याकाळी रिपोर्ट. फ्रिज, रक्त फिरवायचं सेंट्रिफ्यूज यंत्र, दोन खुर्च्या, एक पडदा आणि गाळ्याचं डिपॉझिट एवढंच लागणार होतं. पण गाळामालकानं सांगून ठेवलं होतं, "बाई, महिनाभर थांबतो. त्याच्यापुढं न्हाई."

तिनं आधी चौगुले साहेबांनी सांगितलं तेच करून बघितलं. फायनान्स कंपनीच्या नंबरवर फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा, कर्जासाठी एक दाबा, करार क्रमांक टाका. करार क्रमांक कुणाकडं होता? मग गाणं वाजायचं आणि फोन कट व्हायचा. असं तिनं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी रजा काढून सांगलीला गेली, तर त्यांच्या ऑफिसच्या जागी चपलांचं दुकान झालेलं. दुकानदार म्हणाला, "ते सातारला गेले, दोन वर्षं झाली. तुमच्यासारखे लय येतात."

स्टँडवर बसल्या बसल्या तिनं मोबाईलवर सिबिल, सिबिल म्हणून शोधलं. त्या दिवसापासून तिचा मोबाईल दुसरं काही दाखवेना. स्वयंपाकाचा व्हिडिओ लावला तरी मध्ये एक कोट घातलेला माणूस यायचा आणि विचारायचा, 'खराब सिबिलमुळे कर्ज नाकारलं? पंचेचाळीस दिवसांत साडेसातशेच्या वर! लेखी गॅरंटी!'

कंपनीचं नाव होतं स्कोअर संजीवनी. ऑफिस सांगलीतच, विश्रामबागेत.

तानाजीला, तिच्या नवऱ्याला, ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. तो वीज कंपनीत लाइनमन होता. जेवता जेवता म्हणाला, "अगं, हप्ते थकल्यात ही गोष्ट खरी हाय न्हवं? मग ती हे लोक पुसणार कशी? उद्या मीटरचं रीडिंग मागं फिरवून देतो म्हणून कोण आलं, तर आमी त्याच्यावर गुन्हा दाखल करतो."

"मग तुमी सांगा रस्ता. सातारला जावा म्हणताय? तीन-चार महिने गाळा कोण ठेवतंय माझ्यासाठी?"

"मी फकस्त इचारलं."

"तुमी फकस्त इचारताच. चौदा वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात सुया टोचतेय मी, तेबी कधी इचारा."

तानाजी ताटावरून उठला. हे बोलणं आपल्याला पुढं महिनोन् महिने टोचत राहील, हे तिला त्या वेळी कुठं ठाऊक होतं!

विश्रामबागेतलं ते ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर चढत्या बाणाचं चित्र. ऐन एप्रिलात निळा कोट घातलेले जयराज सर उठून उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्याची बाटली पुढं केली. गेल्या दहा दिवसांत कुणी तिच्याशी एवढं नीट वागलं नव्हतं. तिचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी मान हलवली.

"मॅडम, चूक तुमची नाहीच. सिस्टीमची आहे. आपण ही नोंद काढूनच टाकू. रेकॉर्डला राहणारच नाही."

"पण हप्ते तर माझ्याकडनंच..."

"ते आमच्यावर सोडा. आमची लीगल टीम आहे. फी अठरा हजार. आज बारा, काम झाल्यावर सहा. आणि एक पथ्य पाळायचं. बँक किंवा फायनान्स कंपनी, कुणाशीही परस्पर बोलायचं नाही. तुम्ही काहीतरी बोलून जाता आणि आमची केस खराब होते."

तेवढ्यात तिच्या मोबाईलवर चार वेळा ओटीपी आला. चारही वेळा तिनं तो वाचून दाखवला. नंतर अकरा कागदांवर सह्या झाल्या. मजकूर इंग्रजी होता. जयराज सर पान उलटायचे, पेन्सिलीनं फुली मारलेली जागा दाखवायचे आणि त्याच वेळी तिच्या सेंटरचं नाव काय ठेवणार, असं आपुलकीनं विचारत राहायचे. ती सांगत राहिली आणि सह्या करत राहिली.

तीन आठवड्यांनी व्हॉट्सअॅपवर एक रिपोर्ट आला. वर तिचं नाव, खाली हिरव्या अक्षरांत सातशे सेहेचाळीस. राजेश्वरीनं तो तानाजीच्या तोंडासमोर धरला, गाळामालकाला पेढे नेऊन दिले आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला बँकेत जाऊन बसली.

चौगुले साहेबांनी तो कागद बघितला आणि स्वतःच्या संगणकावर तिची माहिती टाकली.

"ताई, इथं पाचशे सत्त्याण्णव आहे."

"साहेब, आवं, हे बघा की नीट. सातशे सेहेचाळीस."

"तुमच्याकडचा हा कागद कुणीतरी घरी बसून बनवलाय. ह्या महिन्यात तुम्ही दोन ठिकाणी क्रेडिट कार्डासाठी अर्ज केलाय का?"

"मी? न्हाई."

"इथं तसं दिसतंय. असे अर्ज केले की आकडा आणखी खाली येतो. आणि रिपोर्टवरचा हा मोबाईल नंबर कुणाचा?"

नंबर तिचा नव्हता. विश्रामबागेत वाचून दाखवलेले चार ओटीपी तिला आठवले.

चौगुले साहेब सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पैसे दिले का त्यांना?"

तिनं मान खाली घातली.

"बघा, स्वतःचा रिपोर्ट वर्षातनं एकदा फुकट मिळतो. त्यात चूक असली तर तक्रारही फुकट करता येते, घरी बसून. आणि नोंद खरी असली तर ती कुणाच्या बापाला पुसता येत नाही. पैसे भरायचे आणि वाट बघायची, एवढंच असतं. हे मी त्या दिवशी तुम्हाला नीट बसवून सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

त्यांनी आपलं चुकलं म्हणावं, हे तिला जास्तच लागलं. बाहेर येऊन तिनं जयराज सरांना फोन लावला. ते हसले. "मॅडम, बँकेच्या सिस्टीमला अपडेट व्हायला पंधरा दिवस लागतात. आणि मी काय सांगितलं होतं? परस्पर जायचं नाही."

खरं म्हणजे तिनं तेव्हाच ऑफिस गाठायला हवं होतं. पण बारा हजार गेले असं एकदा कबूल केलं की तानाजी खरा ठरणार होता. मग तिनं स्वतःचीच समजूत घातली, पंधरा दिवस बघू. ते पंधरा दिवस फार महाग पडले.

रविवारी दुपारी ती कपडे वाळत घालत असताना शिवतेजचा फोन आला. तो पठाणकोटला होता. एरवी फोन उचलल्या उचलल्या 'आक्का, जेवलीस का?' म्हणून ओरडायचा. आज त्याचा आवाज लागतच नव्हता.

"आक्का, तू माझ्यावर तक्रार दिलीयास?"

"कसली तक्रार रं?"

"त्या फायनान्स कंपनीचं पत्र आलंय युनिटला. माझा पत्ता युनिटचाच दिलेला त्या वेळी. तू वकिलामार्फत लिहून दिलंयस म्हणं, की लोनच्या कागदावरची सही तुझी न्हवंच. मी खोटी सही करून तुझ्या नावावर पैसं उचललं. आता त्यांनी आमच्या सीओ साहेबांकडं खुलासा मागितलाय."

राजेश्वरीच्या हातातला ओला परकर खाली मातीत पडला.

"शिवा, मी असलं कशाला लिहीन? तूच सांग."

"खाली तुझी सही हाय, आक्का. मी वळखतो की तुझी सही."

ती सांगू लागली. सिबिल, गाळा, विश्रामबाग, जयराज सर. सांगता सांगता तिचं तिलाच ते सगळं येड्यासारखं वाटायला लागलं. शिवतेजनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात नायकच्या बढतीसाठी माझा कॅडर कोर्स हाय. आता साहेब म्हणत्यात, चौकशी मिटंस्तवर नाव थांबवतो." आणि फोन ठेवला.

तासाभरात कुंडलहून त्याच्या बायकोचा, पूजाचा फोन आला. पूजानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"वन्सं, आमचं काय चुकलं असलं तर घरात येऊन बोलायचं. त्यांनी तुमच्या लग्नाचं टेम्पोचं भाडंसुदीक स्वतःच्या पहिल्या पगारातनं भरलंय. त्यांना चोर म्हणताना काय वाटलं न्हाई?"

"पूजा, अगं ऐक तरी..."

"आईंना मी काय सांगितलेलं न्हाई. तुमीच येऊन सांगा."

तिनं तानाजीला सगळं सांगितलं. त्याच दिवशी त्यानं मोटारसायकल काढली. वाटेत तो एका शब्दानं 'मी म्हणलं न्हवतं' असं म्हणाला नाही. राजेश्वरी मागं बसून त्याची वाट बघत होती. म्हणाला असता तर भांडून तरी मोकळी झाली असती.

राजेश्वरीची आई रंगूबाई कुंडलच्या घराच्या सोप्यात खुर्चीवर बसली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर ती खाली बसायची नाही. लेकीनं सांगितलेलं तिनं सगळं ऐकलं. सिबिल म्हणजे काय ते तिला कळलं नाही, पण पोरगी पोराला चोर म्हणून सही करून बसली, हे कळलं.

"माझ्या गुडघ्यासाठी काढल्यालं पैसं, व्हय?"

"व्हय आई."

"मग मलाच इचारायचं. मी सांगितलं आसतं, दोघं माझ्या उशाला बसून सही करत हुता ते. मी बघत हुते." तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आता त्याला काय सांगू मी? तुझ्या भनीला कुणीतरी फशिवलं म्हणून?"

"व्हय. तसंच झालंय."

"फशिवलं खरं. पण पोरी, सही तर तूच केलीस."

पूजानं चहा आणून ठेवला आणि आत निघून गेली. तो चहा तिघांतल्या कुणीच प्यालं नाही.

सोमवारी राजेश्वरी विश्रामबागेत गेली. ऑफिस चालू होतं. काचेच्या दाराशी सात-आठ माणसं बसली होती. एक रिक्षावाला, एक शिक्षिका, दोघं नवरा-बायको. सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. समोर बसलेली मुलगी म्हणाली, "सर मीटिंगमध्ये आहेत."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही."

"मग मला माझी फाइल द्या. मी बसते."

दीड तास गेला. मधून मधून आतून जयराज सरांचा हसण्याचा आवाज येत होता. शेवटी ती उठली, दार ढकलून आत गेली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"माझ्या भावानं खोटी सही केली म्हणून लिहिलंय तुमी. कुणाला इचारून?"

जयराज सरांनी समोरच्या गिऱ्हाईकाला खुणेनं बाहेर पाठवलं. कोट आजही अंगात होता. "बसा मॅडम. शांत व्हा. ही प्रोसेस आहे. नोंद काढायची तर 'हे कर्ज माझं नाही' असं म्हणावं लागतं. मग सही कुणी केली, हा प्रश्न येतो. दुसरं नाव भावाचंच होतं. सगळ्या केसेसमध्ये आम्ही असंच लिहितो."

"सगळ्या?"

"कंपनीनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर कधी कधी नोंद निघते. तुमच्या केसमध्ये त्यांनी उत्तर दिलं. आता त्याला आम्ही काय करणार?"

"माझ्या भावाची बढती थांबलीय! मिलिटरीत हाय तो!"

"ते तुम्ही आम्हाला आधी सांगितलं नाही."

राजेश्वरी टेबलावर वाकली.  "पत्र मागं घ्या. आत्ता. आणि माझं पैसं परत द्या."

"पैसे परत मिळत नाहीत. करारात आहे. तिसरं पान, कलम नऊ." त्यांनी फाइल उघडून तिच्याकडं फिरवली. "आणि मॅडम, आम्ही तुम्हाला न विचारता काहीच केलेलं नाही. ही बघा सही. वाचून, समजून, संमतीनं. असं लिहिलंय वर."

तिनं फाइल ओढून घेतली. त्या पत्राचा मसुदा आत होता. इंग्रजी सोपं होतं. 'माझ्या भावाने माझ्या नकळत माझी सही केली.' एवढंच वाक्य, आणि खाली निळ्या शाईत तिचं नाव, शेवटच्या अक्षराला तिची नेहमीची लांब शेपटी. तिनं मोबाईलवर सगळ्या पानांचे फोटो काढले. जयराज सर "हे अलाउड नाही" म्हणत राहिले, पण हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही.

बाहेर येऊन ती त्या बसलेल्या माणसांना म्हणाली, "सही करायच्या आधी वाचा. माझ्या भावाला चोर ठरवलंय ह्यांनी." शिक्षिकेनं मान वर केली. रिक्षावाला म्हणाला, "आमचं काम झालंय ताई पन्नास टक्के. सातशे दहा दाखवतंय." त्यानं मोबाईल पुढं केला. तीच हिरवी अक्षरं. राजेश्वरीनं त्याला सांगून बघितलं, दोनदा सांगितलं, पण त्याला ते ऐकायचं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी तिलाही ऐकायचं नव्हतं. शिक्षिका मात्र पर्स उचलून तिच्या मागोमाग जिना उतरली.

पोलीस ठाण्यात हवालदारानं फोटो बघितले. "बाई, सही तुमचीच हाय न्हवं? मग फसवणूक दाखवायची कशी? अर्ज देऊन जावा, बघतो." तिनं अर्ज दिला. पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेल्याचं कळलं. पोच घ्यायला ती आणखी तीन वेळा सांगलीला गेली.

पुढचं काम चौगुले साहेबांनी मार्गी लावलं. बँक सुटल्यावर त्यांनी तिला आणि तानाजीला बसवून घेतलं आणि म्हणाले, "आता कुणाचीच मदत घेऊ नका, माझीसुद्धा नको. जे घडलं ते तुमच्या शब्दांत लिहा. मराठीत लिहा. तारीख घाला. आणि हातानं नेऊन द्या." रिपोर्टवरचा मोबाईल नंबर कसा बदलून घ्यायचा, तेवढं मात्र त्यांनी समोर बसून दाखवलं. दहा मिनिटांचं काम होतं. एक रुपया लागला नाही.

तिनं पत्र लिहिलं. पहिलं वाक्य लिहायलाच तिला अर्धा तास लागला: 'सदर कर्जाच्या कागदांवरची सही माझीच आहे.' पुढचं मग भराभर उतरलं. भावाची सही भावाची आहे. पैसे आईच्या ऑपरेशनला घेतले. शेवटचे तीन हप्ते माझ्या खात्यातून जायचे होते, ते गेले नाहीत, त्यात भावाचा दोष नाही. दिनांक अमुकचं तक्रारपत्र मी न वाचता सही करून दिलं आणि ते खोटं आहे.

"न वाचता, हे लिहायलाच पायजे का?" तिनं तानाजीला विचारलं.

"तेच तर खरं हाय," तो म्हणाला. तिनं ते तसंच ठेवलं.

साताऱ्याला जायला त्या दोघांनी पहाटेची एसटी पकडली. सांगलीत गाडी बदलली, कराडला पुन्हा बदलली. पोवई नाक्याजवळच्या ऑफिसात पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी सुरू झाली होती. सुट्टी संपली तर कळलं की तक्रारीचं काम बघणाऱ्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारीच येतात, आणि तो दिवस बुधवार होता. राजेश्वरी पायरीवरच बसली. तिला रडू येत नव्हतं, नुसतं कुणाच्या तरी अंगावर ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायला माणूस सापडत नव्हता. तानाजीनं दोन उसाचे रस आणले. "पी. आन् शुक्रवारी परत येऊ."

शुक्रवारी परत गेले. त्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "असली तक्रार ही सहावी. पण बाकीचे कुणी सांगायला आले नाहीत." तीन हप्ते, त्यावरचा दंड, सगळं मिळून जो आकडा निघाला तो स्कोअर संजीवनीला दिलेल्या पैशांपेक्षा कमी होता. राजेश्वरीनं तो कागद हातात धरला आणि तिला हसू आलं. असलं हसू की बाईंनी पाणी मागवलं.

पैसे भरले. येणं नसल्याचं पत्र पंधरा दिवसांनी मिळालं. शिवतेजच्या युनिटला कंपनीचं खुलाशाचं पत्र आणि राजेश्वरीचं तहसील कचेरीतून केलेलं प्रतिज्ञापत्र गेलं. महिन्याभरात चौकशी मिटली. पण कॅडरची ती तुकडी तोवर निघून गेली होती. पुढची सहा महिन्यांनी.

गाळ्यात मोबाईल कव्हरचं दुकान लागलं. गाळामालकानं पेढ्यांची आठवण काढून वर विचारलं, "काय झालं हो बाई तुमचं?" आकडा आता सहाशे अडतीसवर आला होता. चौगुले साहेब म्हणाले, "सरकतोय, पण हळू." ती रोज सकाळी दवाखान्यात जाऊन रबरी पट्टा बांधायची, शीर शोधायची, लोकांना मूठ आवळायला सांगायची. पोलिसांकडच्या अर्जाचं पुढं काही झालं नाही. ग्राहक मंचात मात्र तिनं आणि त्या शिक्षिकेनं मिळून तक्रार दाखल केली. पहिल्या तारखेला कंपनीकडून कुणी आलं नाही, दुसऱ्या तारखेला वकिलानं मुदत मागितली. आणि दिवसातून दोनदा तरी तिच्या मोबाईलवर नव्या नव्या नंबरवरून फोन यायचा, "मॅडम, आपल्याला सिबिलची काही अडचण आहे का?" तिचा नंबर कुणी कुणाला विकला, देव जाणे. सुरुवातीला ती शिव्या द्यायची. मग नुसती विचारायला लागली, "पत्ता सांगा, मी वकिलाला घेऊन येते." फोन आपोआप बंद व्हायचे.

श्रावणात शिवतेज सुट्टीवर आला. कुंडलला चार दिवस राहून मग एकटाच कवठे महांकाळला आला. पूजा आली नव्हती. राजेश्वरीनं त्याच्या आवडीचं डाळवांगं केलं. तानाजी ड्यूटीवर होता. शिवतेज जेवला, हात धुतले, आणि टॉवेल हातात तसाच धरून उभा राहिला.

"आक्का, एक इचारू? राग मानू नगंस."

"इचार की."

"सही करताना वाचलं न्हाईस व्हय तू?"

हा प्रश्न आजवर कुणी तिला एवढा सरळ विचारला नव्हता. हवालदाराला, चौगुले साहेबांना, मंचातल्या वकिलाला ती सांगत आली होती की मजकूर इंग्रजी होता. आणि ऐकणाऱ्याला ते पुरत होतं. पण शिवतेजला माहीत होतं की आक्का रोज इंग्रजीतले रिपोर्ट वाचते. बारावीला त्याचं इंग्रजी तिनंच घेतलं होतं.

"वाचता येत हुतं मला," ती म्हणाली. "त्यांनी घाई केली म्हणावं तर तसंबी न्हाई. पानं माझ्या पुढ्यातच हुती. वाचलं आसतं तर थांबावं लागलं आसतं, शिवा. आन् मला थांबायचं न्हवतं."

शिवतेजनं टॉवेल दोरीवर टाकला, नीट पसरला. "पूजा अजून रागात हाय. तिला थोडं दिवस लागतील."

"आन् तुला?"

"मलाबी लागतील," तो म्हणाला. मग जरा वेळानं त्यानं खुर्ची ओढली. "ते ग्राहक मंचाचं कागद हायेत का घरात? आण. पुढची तारीख कवाची हाय बघू. सुट्टीत आसलो तर येतो मीबी."

ती आत गेली आणि फाइल घेऊन आली. दोघं सोप्यात बसून ती पहिल्या पानापासून वाचायला लागले. शिवतेज वाचत होता, ती ऐकत होती, आणि मध्येच तो थांबून विचारायचा, "ह्याचा अर्थ काय गं?"